वैद्यकाकांचा सहावा पट्टा

शहाड स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग असते. आपला नंबर जवळ आला की आमचे वैद्यकाका पिशवी खाली ठेवतात, एक गुडघा टेकवतात, दोन्ही हात जमिनीवर रोवतात आणि येणाऱ्या रिक्षाकडे रोखून बघतात. नवखी माणसं त्यांच्याबरोबर वाकून शोधायला लागतात.

"काय पडलं, काका?"

"काही नाही. सुटायच्या तयारीत आहे."

काका आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांच्या फोनमध्ये बहुधा एकच फोटो असावा. देशोदेशींचे धावपटू नुकते एकत्र धावायला लागले होते, तेव्हाच्या एका शंभर मीटरच्या शर्यतीचा. दोऱ्या बांधून पट्टे केलेले आणि प्रत्येक जण वेगळाच उभा.

"हा बघा, ताठ. हा कमरेत वाकलाय. ह्याने हात टेकले, तर लोक हसले म्हणे. आणि हा!" इथे काका फोटो मोठा करतात. "दोन काठ्यांवर रेललाय! शर्यतीत! त्याला कोणी म्हणालं का, घरी बस?"

"जिंकलं कोण?" मी विचारलेलं.

"हात टेकणारा. पण तो प्रश्नच नाही, सेक्रेटरी. उभं कसं राहायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं."

हे वाक्य ते लिफ्टमध्ये म्हणतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतात, भाजीवाल्यालाही ऐकवतात. मी दर वेळी गोंधळतो. वॉचमन शिंकला तरी मला अपराधी वाटतं, त्यामुळे काका मलाच काहीतरी सुनावतायत असं वाटून माझं काय चुकलं ते शोधत बसतो.

एका गोष्टीचा मात्र मला रागच होता. काकांच्या बायकोला, मालतीकाकूंना, पॅरॅलिसिसचा झटका आला, त्या बऱ्या झाल्या, काठ्या घेऊन घरात चालायला लागल्या; पण खाली उतरेनात. "माझं चालणं बघून लोक हसतील," असं माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. आणि इकडे हा माणूस बिल्डिंगभर शर्यतीचा फोटो दाखवत हिंडतोय!

यंदा सत्यनारायणाच्या पूजेला पार्किंगमध्ये मोठ्यांची शर्यत ठेवायचा हट्टही काकांचाच. पट्टे कपडे वाळत घालायच्या दोरीचे. अट एकच : कोणी दुसऱ्यासारखं उभं राहायचं नाही. नावं पाच आली. काकांना पट्टे सहा हवे होते, आणि सहाव्यात माझी गाडी उभी असते.

"काका, पाच जणांना पाच पुरे."

"गाडी काढा हो."

"पण तिथून धावणार कोण?"

"ते अजून ठरतंय."

ज्याचं ठरलेलंच नाही त्याच्यासाठी गाडी कशाला काढायची? मी काढली नाही. काकांनी मुकाट्याने गाडीच्या दोन्ही अंगांनी दोरी बांधली.

पूजेच्या दिवशी आरती झाली आणि मी शिट्टी घेऊन उभा राहिलो. दत्ता भोईर एका पायावर. "काका, मी बगळा!" पाटीलवहिनी पदर खोचून, कमरेवर हात. वॉचमन सॅल्यूट ठोकून. कुलकर्णी तर चक्क पाठमोरे. काका हात टेकून.

"फुंकू?" मी विचारलं.

"थांबा."

लिफ्टचं दार उघडलं. मालतीकाकू. हातात दोन काठ्या. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली.

"अहो, तुम्ही म्हणालात सगळे वेडेवाकडे उभे असतील. मला वाटलं थापा मारताय."

"काकू, काठीवाला नंबर अजून कोणी घेतला नाही, या लवकर!" दत्ता एका पायावर डुलत ओरडला. फोटो सगळ्यांना पाठ होता. कोणीही हसलं नाही. म्हणजे हसत होते ते कुलकर्ण्यांना.

काकू सावकाश सहाव्या पट्ट्यापाशी आल्या आणि माझ्या गाडीसमोर थांबल्या.

मी शिट्टी तिथेच टाकली. लिफ्ट वर गेली होती. चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने धावलो, चावी घेतली, तसाच खाली. वाटेत सारखं वाटत होतं, त्या परत जातील.

गेल्या नव्हत्या. दत्ताचा पाय अजून वरच होता. फक्त काका आपला पट्टा सोडून काकूंच्या मागे उभे होते, एक हात त्यांच्या पाठीजवळ धरून, पाठीला न लावता.

"मी उभी आहे," काकू मागे न बघता म्हणाल्या. "तुम्ही जा तुमच्या जागेवर."

"हो, हो," काका म्हणाले, आणि हलले नाहीत.