बंद भिंतीतलं रॉकवूल

उरणपासून कळंबोलीपर्यंतचे चोर ज्याचं नाव ऐकून धंदा बदलतात, तो डिटेक्टिव्ह रावसाहेब मीच. गेल्या वर्षी जासईच्या एका कंटेनर यार्डात डिझेलचोर पकडायला मी ऑफिसच्या पत्र्याच्या भिंतीला उंचावर टेहळणीचं भोक पाडलं आणि चार दिवस शिडीवर बसलो. चोर फिरकलाच नाही. याला दरारा म्हणतात. जाताना आतून भोकावर कॅलेंडर टांगलं, म्हणजे भिंत वाईट दिसू नये.

या सप्टेंबरात तिथून पुन्हा बोलावणं आलं. ऑफिस म्हणजे जुना कंटेनर. ऊन अडवायला भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये रॉकवूल ठासलेलं, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर. तरी नव्या मॅनेजर राजलक्ष्मी मॅडम आत भाजून निघत होत्या. वैतागून त्यांनी कोपऱ्यातला वरचा पत्रा उघडला, तर आत पोकळी.

"एक स्क्रू हललेला नाही आणि माल गायब," त्या म्हणाल्या. "पहाऱ्याला ज्ञानूच असतो. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर त्याला गावी पाठवणार."

वॉचमन ज्ञानू माण तालुक्यातला. त्याच्या खुर्चीवर काळी घोंगडी होती. मी चमकलो. लोकर गेली, घोंगडी आली. केस खलास.

"साहेब, ती मेंढराची हाय. आज्याची."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. असं म्हणणारा मला हा पहिलाच भेटला होता.

शास्त्रीय चाचणी म्हणून घोंगडी बादलीत बुडवली. ऑफिसात पडलेल्या रॉकवूलच्या जुन्या पाकिटावर छापलं होतं, धागा पाणी पीत नाही. घोंगडी अर्धी बादली प्यायली. म्हणजे आरोपीने लोकरीला पाणी प्यायला शिकवलं होतं.

ज्ञानूने ती पिळली. "भिजली तरी ऊब सोडत न्हाई," एवढंच बोलला आणि खाली मान घालून बसला. मला जरा वाईट वाटलं.

तेवढ्यात कॅन्टीनच्या वेणूबाई चहा घेऊन आल्या. पोकळीत डोकावल्या. "दुलई धुऊन दोरीवर टाकलीय कधी? कापूस सगला खाली जमतो. हितं पानी शिरलंय. खालचा पत्रा काढा."

काढला. सगळं रॉकवूल तळाशी ओला गोळा होऊन बसलेलं. धागा पाणी पीत नव्हता, पण धाग्यांच्या मधे पाणी अडकून बसलं होतं. दोन्ही बाजूंना पत्रा, वाळणार कसं? स्वतःच्याच वजनाने खाली उतरलं होतं.

ओलीचा माग काढत वेणूबाई कॅलेंडरपाशी पोचल्या. ते उचललं. मागच्या भोकातून थेट पावसाळी आभाळ दिसलं.

"हे भोक कुणी पाडलं?" मॅडमनी विचारलं.

ज्ञानूने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा शिडी त्यानेच धरली होती. तरी त्याने घोंगडी पुन्हा पिळायला घेतली.

"मी," मी म्हणालो.

गुन्हेगार अचूक ओळखण्याची माझी ही पहिलीच वेळ.