ड्रममधला समुद्र

आमच्या शेजारचे शिर्केकाका दाराला आतून कडी लावतात, मग साखळी, मग दाराआड खुर्ची. चोरण्यासारखं घरात काय? एक निळा ड्रम. त्यात खारं पाणी आणि समुद्रातलं हिरवंगार शेवाळ.

या शेवाळातून गाडीचं तेल निघतं, औषधंही निघतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. सुमनकाकू गेल्यावर ते या नादाला लागले. "अर्ध्यात स्कूटर, अर्ध्यात डॉक्टर," म्हणतात. आणि लगेच, "पण कुठे बोलू नका." हे त्यांनी शिवमंदिरापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

पाणी ते उरणहून कॅनमधून आणायचे. एकदा स्टेशनवर हवालदाराने अडवलं.

"कॅनमध्ये काय?"

"समुद्र."

बराच वेळ बसवून ठेवलं. तेव्हापासून तो हवालदारही फॉर्म्युल्याच्या मागावर आहे, असं काकांचं मत. दूधवाला आत डोकावतो, मीटरवाला मुद्दाम रेंगाळतो. माझ्यावर मात्र संशय नाही. "ताई, तुम्ही बोलतच नाही, म्हणून भरवसा."

मला त्यांचाच संशय यायचा. भिंतीपलीकडून दिवसभर गुडगुड, गुडगुड. शेवाळाला हवा देणारा पंप म्हणे. समोरच्या सिंधी भाभी मला गाठायच्या, "सच बोल, बुड्ढा दारू निकालता है ना?"

मग घाण वास सुटला. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "काका, रविवारी ड्रम गेला पाहिजे."

काका भांडतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पंप ठेवला तर चालेल ना?"

"ड्रम नाही तर पंप कशाला?"

काकांनी दार लावून घेतलं.

रविवारी ड्रम गेला. सोमवारी पुन्हा गुडगुड! दुसरा लपवला असणार. भाभींनी मलाच पिटाळलं. पोह्यांची वाटी घेऊन गेले. खुर्ची सरकली, साखळी निघाली, कडी निघाली.

आत काकूंची कॉट, चादर नीट घातलेली. उशाशी बादलीत नळाचं साधं पाणी आणि त्यात पंपाची नळी.

"हिच्या ऑक्सिजनला पाण्याची बाटली असायची, तीत अस्संच वाजायचं," काका म्हणाले. "स्वयंपाकघरातून ऐकायचो. वाजतंय, म्हणजे ही आहे." मग हळूच, "कुठे बोलू नका."

बाहेर भाभी उभ्याच. "क्या है अंदर?"

"मछली पाळणार आहेत," मी म्हटलं.

भाभींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी हातावर कणकेची गोळी ठेवली. "मछली के लिए."

आता रोज देतात. मी ती काकांना नेऊन देते. दाराला हल्ली नुसती कडी असते.