शेषरावकाकांचा झोन

शेषरावकाकांनी स्वतःच्या अंगणात परदेश काढला, त्या सकाळी मी दारात दात घासत उभी होते. पाहते तर काका वाकून, डब्यातून चिमूट चिमूट मुग्गू सोडत निंबाच्या झाडाभोवती पांढरी रेघ ओढताहेत. मुग्गू म्हणजे आमच्याकडची रांगोळीची पूड. जन्मात काकूला हंडा उचलून न दिलेला हा गडी रांगोळी घालतोय, हे पाहून मी तोंडातली पेस्ट गिळली. रेघ चौकोनी होती. चौकोनाच्या तोंडाशी दोन मेढींवर तांबडा-पांढरा रंगवलेला आडवा बांबू, आणि आत एक बाज.

"काका, हे काय?"

"झोन," काका मान वर न करता म्हणाले. "इकॉनॉमिक. तुमीच तं सांगतलं काल."

मी हादरलेच. मी तेलंगणात, जैनथजवळच्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र शिकवते. माझ्या शिकवण्याचा इतका तातडीचा परिणाम आजवर एकाही विद्यार्थ्यावर झालेला नाही.

काकांची नोकरी नाक्यावरची. पैनगंगेच्या अलीकडे, राज्याच्या हद्दीवर पूर्वी तपासणी नाका होता. काका तिथला बांबू वर-खाली करायचे आणि गाडीत डोकं घालून विचारायचे, "काय माल हाय?" झडती घेतल्याशिवाय त्यांनी कुणाला सोडलं नाही. स्वतःच्या लग्नातही नाही. काकू नदीपलीकडच्या. वरात पुलावरून परत येताना बाशिंग बांधलेला हा नवरदेव नाक्यावर गाडीतून उतरला आणि त्यानं रुखवताच्या भांड्यांची झडती घेतली. "माह्या मायनं देल्लेला गंजसुदिक उपडा करून पाह्यला वो ह्यायनं," काकू अजून सांगते, आणि अजून तिचा आवाज चढतो.

मग नवी करपद्धत आली, नाके उठले. काका भंगारात निघालेला तो बांबू विकत घेऊन घरी आले, आणि तेव्हापासून अख्ख्या गल्लीचाच नाका झाला. दोन बाया भांडत असल्या की काका मधे उभे राहून विचारणार, "हद्द कोनची?" एकदा माझी कोंबडी त्यांच्या अंगणात अंडं घालून आली. कोंबडी माझी, हद्द त्यांची. काकांना काही केल्या निकाल देता येईना, म्हणून ते अंडं आमच्या सामाईक भिंतीवर ठेवलं गेलं आणि तिथंच नासलं. वासाला मात्र हद्द नव्हती. तो दोन्ही घरांत आला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर वनिताचं प्रकरण झालं नसतं.

वनिता ही काकांची एकुलती एक लेक. हैदराबादला नर्स आहे. तिनं तिथल्याच एका तेलुगू मुलाशी कुणाला न विचारता लग्न केलं. काका मारुतीच्या पारावर चार लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या हद्दीत तिचं पाऊल पडलं, तं मी अन्न सोडीन." दुसरा कुणी असता तर महिनाभरात शपथ विसरला असता. पण रुखवताची झडती घेणारा माणूस शपथ कशी विसरेल? तेव्हापासून काकू लेकीशी बोलायची ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन, माझ्या फोनवरून.

यंदा दसऱ्यानंतर, शेतात कापूस फुटायला लागला तेव्हा कळलं की वनिताला सातवा लागलाय. तिला सासू नाही. नवरा दिवसभर कामावर.

"पह्यलं बाळंतपन मायेरी नाही तं कुठं करतेत वो म्याडम?" काकू माझ्या ओट्याला टेकून रडली. "माय जित्ती असून पोरीनं परक्याच्या हातचं खायाचं का?" मला काकांचा संताप आला होता, इतका की दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहून हसलेही नाही.

आणि त्याच सुमारास गावात अफवा उठली की आपल्या बाजूला म्हणे इकॉनॉमिक झोन येणार. ऑटोत, कापसाच्या काट्यावर, चहाच्या टपरीवर तोच विषय. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. काका संध्याकाळी माझ्या दारात आले.

"म्याडम, हा झोन म्हंजे काय भानगड हाय?"

मी रागात होते, पण विचारलेलं शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "काका, हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. एक समुद्रात. किनाऱ्यापासून अमुक अंतरापर्यंतचे मासे, तेल काढायचा हक्क त्या देशाचा."

"मासे जाऊ द्या. आपल्याकडं समुद्र नाही."

"दुसरा जमिनीवर. विशेष आर्थिक क्षेत्र. जमीन आपल्याच देशातली, पण जकातीपुरती ती देशाबाहेरची धरतात. कारखाने यावेत म्हणून तिथले नियम वेगळे. बाहेरचा माल तिथं उतरला, तरी देशात आला असं मानत नाहीत. कुंपण ओलांडून इकडे आणला, तरच आला."

काकांनी बोटानं माझ्या उंबऱ्यावर एक चौकोन ओढला. मग म्हणाले, "म्हंजे जागा आपली, पन कायदा आपला नाही."

"अगदी बरोबर."

"आन मानसाचं?"

"माणसाचं कुठं काका, मालाचं चाललंय."

"हं," काका म्हणाले आणि गेले. सकाळी ती रेघ.

झोनाचे नियम काकांनी जाहीर केले. आत काकूची सत्ता चालणार नाही. काकांना साखर बंद आहे. ते बाजेवर बसून तीन चमचे साखरेचा चहा प्यायले, आणि काकू रेघेबाहेर उभी राहून नुसती थरथरत राहिली. मग गल्लीतल्या सुना यायला लागल्या. बांबूपाशी काका विचारायचे, "काय माल हाय?" सून म्हणायची, "सासूचं गाऱ्हानं." बांबू वर. आत बसून तिनं सासूला काय म्हणायचं ते म्हणावं. बाहेर आल्यावर ते बोललं गेलंच नाही असं धरायचं. मला वाटलं, आठवड्यात गल्लीत डोकी फुटतील. पण गल्लीनं नियम पाळला! एकाही सासूच्या कानावर काही गेलं नाही. मी थक्क झाले.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. एका दुपारी धाडधाड आवाज आला म्हणून मी धावले, तर काका पहारीनं स्वतःची कंपाऊंडची भिंत फोडत होते.

"ह्यायले येड लागलं वो म्याडम!" काकू ओरडली.

"झोनाले रस्ता पाह्यजे," काका धापा टाकत म्हणाले. "माह्या अंगनातून माल काऊन नेऊ? रस्त्यावरून सिद्दा झोनात आला पाह्यजे." मग त्यांनी पहार टेकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याडम, पोरीले फोन लावा. सांगा, घरात नोको येऊ. झोनात ये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. साखरेचा चहा, सुनांची गाऱ्हाणी, सगळी चाचणी होती. रेघेतलं रेघेबाहेर येत नाही ना, हे काकांनी आधी पारखून घेतलं होतं.

वनिता आली. गाडी रस्त्यावर थांबली, जावयानं तिला हाताला धरून उतरवलं. भिंतीच्या भगदाडात काकांनी बांबू धरला होता. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय माल हाय?" वनितानं पोटावर हात ठेवला. काकांनी बांबू इतक्या घाईनं वर केला की तो निंबाच्या फांदीत अडकला. काकू घरातून धावत आली ती रेघेवरूनच.

पण सातव्या महिन्यातली बाई बाजेवर, निंबाखाली किती दिवस राहणार? काकांनी मुग्गूचा डबा घेतला. रेघ पायऱ्या चढली. पडवी झोनात गेली, मग माजघर, मग चूल, मग न्हाणी. दिवस मावळेपर्यंत सगळं घर आणि अंगण परदेशात होतं. फाटकाशी एका खुर्चीपुरती जागा तेवढी सुटली. काका तिथे जाऊन बसले.

काकूनं जेवायला हाक मारली. ताटं वाढली होती, जावईसुद्धा पाटावर बसला होता.

"माही हद्द एवढीच उरली," काका म्हणाले. "आत दुसरा कायदा हाय. मले कोन सोडन?"

वनिता कमरेवर हात ठेवून सावकाश पायऱ्या उतरली. निंबात अडकलेला बांबू तिनं ओढून काढला, खुर्चीसमोर आणून आडवा धरला. काका उठले. त्यांनी सदऱ्याचे खिसे उलटे केले. तंबाखूची डबी निघाली, आणि चार हिरव्या चिंचा.

"झडती घे नं, माय," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"घेतली, बाबा. या."

तिनं बांबू पार डोक्याच्या वर उचलून धरला होता. तरी काका वाकून आत गेले.