न दाबलेलं बटण

वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकाने जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायचं ठरवलं, याला सबळ कारण होतं. मेहुणीचं घर टेकडीवर होतं, शेवटचा चढ कच्चा होता आणि बायकोचे गुडघे त्याहून कच्चे होते. भाड्याच्या सगळ्या गाड्या पायथ्याशीच हात टेकायच्या. "एकदा तरी ताईचं घर डोळ्यांनी बघू दे हो," असं बायको बारा वर्षं म्हणत होती. अखेर हा विषय निर्णयार्थ घेण्यात आला.

दलालाने दाखवलेल्या गाडीचे टायर गुळगुळीत होते आणि एक दार आतूनच उघडायचं.

"त्याकडे नका बघू साहेब. हे बघा," दलाल म्हणाला.

चारही चाकांना जोर देणाऱ्या बटणावर कागदी पट्टी आणि तिच्यावर लाखेचं सील होतं. तीन मालक झाले, पण बटण एकदाही कुणी दाबलेलं नव्हतं. लिपिकाने खिशातून भिंग काढलं. सत्तावीस वर्षं त्याने तराजूंची सीलं तपासली होती, तराजू कधीच नाही. सील अबाधित पाहून त्याला गहिवरून आलं. इंजिन बघायचं राहिलं.

रविवारी तो, बायको आणि मुलगी निघाले. पायथ्यापासून वीस पावलांवर मागची चाकं चिखलात रुतली आणि जागच्या जागी फिरू लागली. वर अंगणात ताई दोन्ही हात हलवत उभी होती.

"बाबा, बटण दाबा ना," मागून मुलगी म्हणाली.

"सील आहे बाळा. सील असं उठसूट तोडता येत नाही."

त्याने कप्प्यातून विहित नमुना काढला. सील तोडण्यास दोन पंच हवेत. मुलगी चौदा वर्षांची, म्हणून बाद. बायको हितसंबंधी, म्हणून तीही बाद. शिवाय इतर सर्व उपाय करून पाहिल्याचं जोडपत्र हवं. सबब मुलीने गाडी ढकलली, चाकांखाली फांद्या घातल्या, डब्याचं झाकण घातलं, शेवटी लिपिकाची एक चप्पल घातली. ती चप्पल चाकाने मागे कुठे भिरकावली ते कळलं नाही. प्रत्येक उपायाची वेळेसह नोंद झाली.

बायको काचेतून वर बघत होती. "ताई थकली वाटतं. आता एकाच हाताने बोलावतेय," ती म्हणाली आणि तिने काचेआडूनच आपला हात हलवला. लिपिकालाही वाईट वाटलं. पण सील ते सील.

तेवढ्यात किटल्या लावलेल्या खटारा स्कूटरवरून एक दूधवाला चढ उतरून आला. लिपिकाने त्याच्यापुढे पेन धरलं. "जरा पहिले पंच म्हणून सही करा."

दूधवाल्याने नमुना सावकाश वाचला. "बटण दाबलं की काय होतं?"

"गाडी वर जाते."

"मग दाबा की."

"दाबलं तर न दाबलेलं कसं राहील?"

दूधवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, बसा मागे. किटली तेवढी मांडीवर घ्या."

स्कूटर खोकत खोकत, पण एका दमात वर गेली. बारा वर्षांचं काम चार मिनिटांत झालं. मुलगी आईमागोमाग चालत निघाली. लिपिक एका चपलेवर, गाडीत, सीलाच्या बंदोबस्ताला थांबला. संध्याकाळी वरून बायकोचा निरोप आला, "गाडी विकलीत की कळवा, मग घरी येते."

दुसऱ्या दिवशी जाहिरात लागली: मालक चार, बटण अबाधित.

पहिला फोन तुमचाच आला. टायरचं तुम्ही विचारलं नाही, दाराचं नाही, इंजिनाचंही नाही. "बटण खरंच कधी दाबलेलं नाही ना?" एवढंच विचारलंत आणि हायसं वाटून फोन ठेवलात. ठेवताना शेजारी पडलेल्या तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक सरकलं होतं, तेही तुम्ही नीट बसवलंत.