एक हजार आठ चिखल्या

मोजणीच्या कामात दीनानाथांचा हात धरणारा माणूस अख्ख्या स्कॉटलंडमध्ये अजून जन्मायचा होता! जळगावच्या जिनिंगमध्ये चाळीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाठी मोजल्या होत्या. सही करायला पन्नाशीत शिकले, पण आकडा कधी चुकला नाही.

"पक्षी म्हणजे काय, पाय फुटलेल्या गाठीच!" ते नातीला म्हणाले.

नात मालविका एडिनबऱ्यात जन्मलेली, मराठीत 'तो-ती'ची हमखास गल्लत करणारी, तिथल्याच विद्यापीठात पक्ष्यांचा अभ्यास करणारी. टुंड्रात पिल्लं वाढवून ऑगस्टअखेर दक्षिणेकडे निघालेले चिखल्या पक्षी भरतीच्या वेळी खाडीतल्या वाळूवर गोळा होत. त्यांची मोजणी यंदा पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती. जोडीदार आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून जळगावहून तिच्याकडे राहायला आलेले आजोबा!

"आकडा चुकली तर पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्याला देतील, आजोबा. डावा पट्टा तुमची, उजवा माझी. एक पक्षी, एक क्लिक. चष्मा नीट घातली ना?"

"तू निर्धास्त राहा!"

तिने त्यांच्या मुठीत एक छोटं यंत्र दिलं. बटण दाबलं की आकडा एकने वाढायचा. तिथेच घात झाला! रोज देवापुढे बसून दीनानाथ अगदी तसंच यंत्र घेऊन रामनाम मोजत. इथे कोवळं ऊन, समोर संथ पाणी. अंगठा बटणावर टेकला मात्र, ओठ आपोआप हलू लागले!

भानावर आले तेव्हा यंत्रावर एक हजार आठ. सवयीचा अंगठा बरोबर तिथे थांबला होता.

"थाउजंड?" मालविका किंचाळली. "लास्ट इयर दोनशे होते!"

"अगं, ऐक तर—"

पण तिने मोजणीच्या प्रमुख मॉरिसनबाईंना फोन लावलासुद्धा! वीस मिनिटांत बाई आणि सहा जण दुर्बिणी खांद्यावर टाकून, लग्नाला उशीर झालेल्या वऱ्हाडासारखे धावत आले. तोवर ओहोटी लागून पक्षी पांगले होते. एकाने दीनानाथांची पाठ थोपटली. बाई फोटो काढायला सरसावल्या. दीनानाथांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मालू," ते कसेबसे म्हणाले, "ते पक्षी नव्हते गं. जप होता."

"सगळे?"

"सगळा."

"मग खरे पक्षी किती होते?"

"डोळे मिटले होते."

मालविकाने लाल चेहऱ्याने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. सातही दुर्बिणी हळूहळू वाळूवरून दीनानाथांकडे वळल्या. चिखलाने आपल्याला गिळावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण चिखल घोट्यापर्यंतच होता!

बाई मालविकाशी बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणाल्या?" दीनानाथांनी खालमानेने विचारलं.

"चूक लपवला नाही, म्हणून पुढच्या वर्षी पण काम मलाच."

"वा! चांगली बाई आहे!"

"हो. आणि मोजणीच्या आठवड्यात तुम्ही तिकडे लंडनजवळ वॉटफर्डला, हरीशकाकाकडे."