परोपकाराची गाठ

परोपकार ही गोष्ट मुळात चांगलीच आहे; पण तिला शिस्त नसली की ती कोणीही करू लागतो, आणि मग समाजात परोपकारी कोण आणि नुसताच चांगला माणूस कोण, हे ओळखणं अवघड होऊन बसतं. मध्यप्रांत-वऱ्हाडात ही अडचण सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात आली असेल, तर ती अमरावतीच्या मोरोपंतांच्या.

मोरोपंत पेशाने वकील आणि वृत्तीने बालवीर. कोर्टात त्यांच्याकडे अशिलं फारशी फिरकत नसत (हे ते स्वतःही नाकारत नसत, नाकारायला समोर कोणी नसे). पण त्यांच्या बालवीर (म्हणजे स्काउट) पथकात पोरांची वाण नव्हती. युरोपातली मोठी लढाई संपली तेव्हापासून ते हे पथक चालवत होते, आणि तेही बिनपगारी. बिनपगारी कामाचा एक मोठा फायदा असा की, त्यातून माणसाला काढून टाकायची कोणाची छाती होत नाही.

पथकाच्या परंपरांबद्दल त्यांची मतं ठाम होती. बालवीरांचं पुस्तक विलायतेत लिहिलेलं आहे आणि विलायतेत थंडी असते, एवढं त्यांना मान्य होतं. पण थंडी तिकडे राहिली म्हणून इकडे आपण शेकोटी सोडावी, हा युक्तिवाद त्यांना पटत नसे. म्हणून दर वैशाखात नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर एका उघड्या माळावर शिबिर भरे आणि ज्या उन्हात वऱ्हाडातली शहाणी माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन पडून राहतात, त्या उन्हात पथक लोकरी मोजे चढवून शेकोटीभोवती बसे. त्यात दोघं-चौघं भोवळ येऊन पडत. मग त्यांच्यावर उपचार करून बाकीच्यांचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पुरा होई. एक परंपरा दुसरीला कशी सांभाळून घेते, ते यावरून दिसतं.

पण सगळ्या परंपरांत मोरोपंतांचा जीव होता तो गाठीत. नियम सोपा होता. बालवीराने सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात एक सत्कृत्य करायचं. ते झालं की गाठ सोडायची आणि मोकळं व्हायचं. संध्याकाळी हजेरीला ज्याची गाठ तशीच, त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

पोरं भिंतीला भीत होती, त्यामुळे अमरावतीत सत्कृत्यांचा नुसता सुळसुळाट झाला. पथकाच्या एका वर्षाच्या अहवालात पुढील आकडे सापडतात. विहिरीत पडलेल्या घागरी काढून दिल्या : एकशे चाळीस (पैकी सत्कृत्यापूर्वी नीट काठावर असलेल्या : एकशे अडतीस). वाट चुकलेली जनावरं घरी पोचवली : एकसष्ट (पैकी साठ चरायला निघाली होती, उरलेली एक म्हैस खरोखर चुकलेली होती, पण ती अकोटची निघाली आणि अकोट लांब पडतं). रुग्णसेवा : नऊ. सेवेनंतर रुग्ण : नऊ.

आकडे उत्साहवर्धक होते, पण पुढे माल कमी पडू लागला. लोक सावध झाले. म्हातारीकोतारी माणसं खाकी चड्डी दिसली की तरातरा चालू लागत. गरजूच मिळेना, तर परोपकार करावा कोणावर? अशा आणीबाणीत पथकाला पार्बताबाई सापडली.

पार्बताबाई माळीण. गावाबाहेर नाल्यापलीकडे तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, शालिकरामचा, भाजीचा मळा होता. रोज सकाळी ती वांगी, मेथी, कधी झेंडूची फुलं असं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात येई. मोरोपंतांनी ते टोपलं पाहिलं आणि त्यांना पुढची व्यवस्था एका क्षणात सुचली. वेशीपाशी पहिल्या बालवीराने टोपलं उतरवून घ्यायचं आणि पुन्हा डोक्यावर चढवायचं. एक गाठ सुटली. दहा पावलांवर दुसरा उभा. त्याने उतरवायचं, चढवायचं. अशा रीतीने बाजार येईपर्यंत अख्ख्या पथकाच्या गाठी सुटत. मेथी तेवढ्यात माना टाकी, पण मेथीला गाठ नव्हती.

आठवडाभराने पार्बताबाई वेशीपाशी थांबली आणि तिने कंबरेवर हात ठेवले.

"कावून बावा, माह्या टोपल्याची रोज वरात काढून राहिले तुमी? टोपलं माहं मले उचलता येते. मदतच करायची असन, तं त्या नाल्यावरची फळी मोडली ना, तेवढी टाकून द्या. गुडघाभर गाळातून याव लागते मले. पावसाळ्यात तं वाटच बंद. माल वावरातच सडते."

मोरोपंतांनी विचार केला. (विचार न करता नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.) फळी टाकता आली असती. पोरांकडे काठ्या होत्या, दोर होते, अभ्यासक्रमात पूल बांधण्याचा धडाही होता. पण फळी एकदा टाकली की ती तिथे पडूनच राहणार. आज चार-दोघांच्या गाठी सुटतील, उद्या काय? शिवाय फळी आली की बाई सुखाने येणार, सुखाने आली की दमणार नाही, आणि न दमलेल्या माणसाचं टोपलं उतरवणं ही मदत नव्हे, लुडबूड. थोडक्यात, जो परोपकार गरज संपवतो तो उद्याच्या परोपकाराच्या पोटावर पाय देतो.

"बाई," ते समजुतीने म्हणाले, "फळी हा म्युनिसिपालिटीचा विषय आहे. आमचा विषय तुम्ही."

पार्बताबाईने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं आणि पहिल्या पोरासमोर टोपलं पुढे केलं. बाजाराची वेळ होत होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना नागपूरहून रविकांत आला. प्रांताच्या बालवीर मंडळाचा हा नवा संघटक. वय लहान, टोपी खादीची, आणि बोलण्यात 'नवयुग' हा शब्द मिठासारखा. त्याला विलायती टोपी नको होती, लोकरी मोजे नको होते, शेकोटी नको होती. मोरोपंतांनी तेही पोटात घातलं असतं. पण त्याला गाठही नको होती.

"गाठ दाखवून केलेला परोपकार हा परोपकार नव्हे, मोरोपंत," तो म्हणाला. "ती हजेरी झाली."

मोरोपंत त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या गाठीसाठी आपण वकिली ओसाड टाकली, ती हा कालचा पोरगा सोडायला निघाला आहे, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्यांचे डोळेही भरून आले. अकोल्याला मार्गशीर्षात प्रांताचा मेळावा भरणार होता, आणि गाठ ठेवायची की मोडीत काढायची, याचा निकाल तिथे लागायचा होता.

रविकांतही गप्प बसणारा नव्हता. परोपकार शास्त्रीय पायावर उभारण्यासाठी त्याने गरजूंची पाहणी सुरू केली. तो पार्बताबाईकडे गेला आणि त्याने तिची मूलभूत गरज विचारली.

"फळी," पार्बताबाई म्हणाली.

रविकांतने 'दळणवळणाचा अभाव' असं टिपून घेतलं, तिचे आभार मानले, आणि तो पुढच्या पाहणीसाठी बार्शीटाकळीला निघून गेला. मळ्यातून परतताना नाल्याच्या गाळात त्याचा एक जोडा राहिला, त्याची नोंद त्याने 'भूप्रदेशाची वैशिष्ट्ये' या सदरात केली.

मेळाव्यासाठी मोरोपंतांनी कंबर कसली. प्रात्यक्षिक दाखवायचं तर गरजू हवा, आणि अकोल्याचे गरजू ऐन वेळी कसे वागतील याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी पार्बताबाईलाच टोपल्यासकट आगगाडीने अकोल्याला नेलं. मळ्याची दोन दिवसांची तोड बुडाली, पण प्रवास फुकट होता.

मैदानावर चुन्याने एक नदी काढली होती. भर उन्हात, कोरड्या ठणठणीत जमिनीवर, दोन पांढऱ्या रेघा. शिट्टी वाजली, आणि अमरावतीच्या पोरांनी काठ्या रोवल्या, दोर आवळले, फळ्या मांडल्या. बघता बघता त्या नदीवर असा दणकट पूल उभा राहिला की टाळ्यांनी मैदान दणाणलं. पार्बताबाई डोक्यावर टोपलं घेऊन त्या पुलावरून चालत गेली. मधोमध ती थांबली. तिने पायाने फळी दाबून पाहिली, खाली चुना पाहिला, आणि मंडपातल्या मोठ्या लोकांकडे तोंड केलं.

"हाच उचलून माह्या नाल्यावर नेऊन मांडा ना बावा. इथं तं पानीच नाई."

मंडपात हशा पिकला. वऱ्हाडी माणसाची विनोदबुद्धी केवढी जागी असते, यावर अध्यक्षांनी भाषणात चार वाक्यं खर्च केली. मग तो पूल सोडून गुंडाळून ठेवण्यात आला.

गाठ मोठ्या बहुमताने राहिली. लबाडीला वाव राहू नये म्हणून मोरोपंतांनी स्वतः ठरावात एक कलम घातलं : गाठ दिवसातून एकच, आणि ती सूर्योदयाला मारलेली, पुन्हा बांधल्यास शिस्तभंग. रविकांतने हरकत घेतली नाही. त्याच्या पाहणीला मंडळाने छपाई मंजूर केली होती.

अमरावतीला परतल्यावर मोरोपंतांना कृतज्ञता आवरेना. पार्बताबाईला मानपत्र द्यायचं ठरलं. एका दुपारी सगळं पथक रांगेत घेऊन, रेशमी फितीने बांधलेलं मानपत्र हातात धरून, ते तिच्या मळ्याकडे निघाले. नाला आला. फळी मोडलेलीच होती. 'परंपरेला चिखलाचं भय नाही' असं म्हणून मोरोपंतांनी नेमकं खोल जागी पाऊल टाकलं आणि ते मांडीपर्यंत आत गेले. दुसरं पाऊल पहिल्याला सोडवायला टाकलं, आणि ते कंबरेपर्यंत गेले. काळ्या मातीचा गाळ पाहुण्याला लवकर निरोप देत नाही.

"देवीदास!" त्यांनी टोळीनायकाला हाक मारली. "दोर टाक!"

देवीदासने काठावर येऊन खाडकन सलाम ठोकला. त्याच्या मागे सगळं पथक सावधान उभं राहिलं.

"पंत, आमच्या गाठी तं सकाळीच सुटल्या," देवीदास म्हणाला.

"मग पुन्हा बांधा!"

"शिस्तभंग होईल, पंत. अकोल्याच्या ठरावातलं कलम. तुम्हीच घातलं."

उन्हात काठावर एका ओळीत उभी असलेली ती पोरं, त्यांचे ते सरळ, बिनगाठीचे रुमाल, आणि एकाच्याही डोळ्यांत नसलेली चलबिचल पाहून मोरोपंतांना भरून आलं. त्यांनी इतकी वर्षं जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं होतं. गाळ वर चढत होता आणि छाती अभिमानाने फुगत होती, त्यामुळे ते नक्की किती खाली गेले, हे काठावरून सांगणं कठीण होतं.

शेवटी पार्बताबाई आणि शालिकराम बैलाचा कासरा घेऊन पलीकडून आले. दोघांनी तो वकीलसाहेबांच्या काखेतून घातला आणि ओढून काढलं. दोघांच्याही गळ्यात रुमाल नव्हता, म्हणून ते कृत्य पथकाला कुठेच नोंदवता आलं नाही.

"वकीलसायब, फळी असती तं तुमाले असं काढा लागलं नसतं," पार्बताबाई म्हणाली, आणि तिने आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं.

मोरोपंतांनी ओलं मानपत्र तिच्या हातात ठेवलं आणि घरी जाताना रस्ताभर विचार केला. प्रसंगातून धडा घेणारा माणूस होता तो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंडळाकडे सुधारणा पाठवली : बालवीराने रोज दोन गाठी माराव्यात, पैकी दुसरी पथकप्रमुखासाठी राखून ठेवावी. ती एकमताने मंजूर झाली.

आषाढात नाला चढला आणि पार्बताबाईचं येणं बंद झालं. वांगी मळ्यातच किडली, मेथी सडली. शालिकरामने ती म्हशीपुढे टाकली. तिकडे वेशीपाशी पथक रोज सकाळी दोन-दोन गाठी मारून रिकामं उभं राही, आणि संध्याकाळी भिंतीला जागा पुरत नसे. त्या महिन्याच्या अहवालात मोरोपंतांनी फार कळवळून लिहिलं आहे की, गरजूंच्या अनुपस्थितीमुळे सेवाकार्याचं अतोनात नुकसान झालं.

वाचकांना मोरोपंतांचं हसू आलं असेल. ते स्वाभाविक आहे. गाठ होतीच तशी. पण त्या बाईने वेशीपाशी फळी मागितली, मळ्यात मागितली, अकोल्याच्या मैदानात मागितली, नाल्याच्या काठावर मागितली. आणि दर वेळी तुम्ही ते नीट वाचलंत, मनात 'अरेरे' म्हणालात, आणि पुढे मोरोपंतांचं काय झालं ते पाहायला निघालात. हरकत नाही. 'अरेरे' हेही एक सत्कृत्यच आहे. आजची तुमची गाठ सुटली, असं समजा आणि मोकळे व्हा.