टेलपर्यंत गेलेली नाव

कालव्याबद्दल मला कोणी काही शिकवायचं नाही! दोन वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत एकतीस वर्षं मी कालवा निरीक्षक होतो. आमच्या सोळा किलोमीटरच्या कालव्यात कुठला दगड निखळलाय आणि कुठल्या पुलाखाली मधमाश्यांचं पोळं आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा. म्हणूनच गेल्या डिसेंबरात मी घरात जाहीर करून टाकलं, "व्याह्यांले मी कालव्यातून नावेनं फिरवतो!"

माझी बायको वंदना भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कोनच्या कालव्यातून?"

"आपल्या!"

"त्यात म्हशी बसतात."

"तिकडं तं गायी काठावर उभ्या राहून आपल्याले पाहत होत्या. तवा तुले लय कौतुक वाटलं!"

तिकडं म्हणजे फ्रान्सला. आमचा शेखर पाच वर्षांपासून तिथं नोकरीला आहे आणि तिथल्याच क्लेमान्स नावाच्या मुलीशी त्याचं ठरलंय. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जाऊन आलो. मुलीचे वडील जेरार आणि आई ओदिल यांचा फ्रान्सच्या मधल्या हिरव्यागार मुलखात पर्यटकांना नावा द्यायचा धंदा. त्यांनी आम्हाला तीन दिवस कालव्यातून फिरवलं. नाव एवढी सावकाश, की एका बदकानं आम्हाला दोनदा मागं टाकलं! दोन्ही काठांना उंच झाडं, पोटापर्यंत गवतात उभ्या गायी, आणि पाण्याचं फाटक आलं की शेजारच्या घरातून एक बाई हात पुसत यायची, फाटक उघडायची आणि हसून आत जायची. लोक हे बघायला लांबून लांबून येतात. मला राहून राहून एकच वाटत होतं, की यांच्यापाशी कालवा आहे तसा माझ्यापाशीही आहे!

आता हे व्याही शेखरसोबत आमच्याकडं येणार होते; क्लेमान्सला रजा मिळाली नव्हती. आपल्यात मुलीकडचे घर पाहायला येतातच, तसंच हे. घरदार, गाव पाहायचं आणि लग्न इथं करायचं की तिकडंच उरकायचं ते ठरवायचं. तिकडं उरकायचं म्हणजे एका कचेरीत दहा मिनिटांत सह्या. वंदनानं मला बजावून ठेवलं होतं, "एकुलतं एक पोरगं हाय. त्याचं लगन मी मोबाईलवर नाई पाहनार. मले दारात मांडव पाह्यजे. त्या लोकायसमोर काही गडबड केली तं याद राखा!"

गडबड कशी होईल? काम माझ्या हातात होतं!

नाव बनवायला मी पिंपळगाव राजाच्या ज्ञानेश्वर वेल्डरकडं गेलो. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्याला फ्रान्सचा फोटो दाखवला. त्यानं फोन तीन वेळा फिरवून पाहिला.

"हिचे चाकं कोठी आहेत?"

"नाव आहे बे. नावेले चाकं नसतात."

"मंग बाकी तं ट्रॉलीच हाय!"

आणि त्यानं ट्रॉलीच बनवली. खाली चाकांऐवजी आठ निळे ड्रम बांधले. मागं हुक, दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर, आणि हाताला सवय म्हणून पाठीमागं ठळक अक्षरांत 'अंतर ठेवा'! त्यावर मंडपवाल्याच्या पाच खुर्च्या आणि फळवाल्याची मोठी रंगीत छत्री. इंजिन नव्हतंच, कालव्याचं वाहतं पाणी नेणार होतं. ब्रेक मात्र होता. त्याचं नाव हिंमतराव! हा माझ्या हाताखाली वीस वर्षं पाटकरी होता, म्हणजे कालव्याची फाटकं उघडणारा-लावणारा. त्यानं मागून दोर धरून काठाकाठानं चालायचं असं ठरलं.

बेतही साधा होता. रब्बीची पाळी सुरू होती, गव्हा-हरभऱ्यासाठी पाणी सोडलेलं होतं. तीन किलोमीटर जायचं, चौथ्या पुलाजवळच्या चिंचेखाली भरीत-भाकर खायची आणि जीपनं परत. त्यापुढं जायचा प्रश्नच नव्हता. त्यापुढं धामणखेड, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, ज्याला सगळे टेल म्हणतात. टेलला पाणी जात नाही. का जात नाही तेही सगळ्यांना ठाऊक आहे. वरचे शेतकरी कालव्यात मोटारी टाकून पाणी आधीच उपसून घेतात. मलाही ठाऊक होतं. पण सगळी आपलीच माणसं! कोणाच्या घरी बारशाला जेवलेलो, कोणाच्या पोराचं लग्न जुळवलेलं. मग मी रिपोर्टात 'गळती' असं लिहायचो. त्या शब्दानं कोणाचंच मन दुखत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी नऊला नारळ फोडून आम्ही निघालो. जेरार हा उंच, सडपातळ माणूस. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात कॅमेरा आणि हातात वही. नावांच्या धंद्यातला असल्यानं प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायची त्याला सवय. आपण मागं कशाला राहायचं म्हणून मीही नोकरीतली खाकी टोपी काढली आणि पाणी मोजायची जुनी पट्टी सोबत घेतली.

पहिला एक किलोमीटर काय वर्णावा! नाव डुलत डुलत चाललेली, दोन्हीकडं हिरवा गहू, बगळे, बाभळीवर सुगरणींची घरटी. ओदिल टाळ्या वाजवत होती. वंदना मांडीवर डबा धरून बसली होती आणि चक्क हसत होती!

मग पहिली मोटार आली. मांडीएवढा जाड पाइप थेट कालव्यात. जेरारनं विचारलं, हे काय? शेखर दुभाषी.

"सांग, शेतकऱ्याची सोय आहे."

जेरारनं सोयीचा फोटो काढला आणि वहीत लिहिलं. मी आपली हुशारी दाखवायला पट्टी पाण्यात घालून खोली मोजली. त्यानं तीही लिहिली. दुसरी मोटार, फोटो. तिसरी मोटार, फोटो. चौथ्या मोटारीपाशी तिचा मालक शंकरराव उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं. दोन गोरी माणसं, कॅमेरा, वही, पट्टी आणि खाकी टोपीतला मी! त्यानं हात जोडले आणि खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं, फोटो काढतोय. मी खुशीत येऊन पट्टी हलवली!

त्यानं कालव्याच्या ग्रुपवर काय टाकलं ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं. 'परदेशी बँकेचे गोरे तपासणीले आले. जुने निरीक्षकसाहेब संगं हायेत. पट्टीनं इशारा करून राह्यले. मोटारी काढा!!!'

पाच मिनिटांत दोन्ही काठांवर धावपळ. कोणी खांद्यावर पाइप घेऊन पळतोय, कोणी मोटार उसात लपवतोय, एकानं तर मोटारीवर बायकोचं लुगडं टाकून वर बैठक मारली! ओदिलनं सगळ्यांना हात केला. जेरार काहीतरी म्हणाला.

"काय म्हनते?"

"इथले शेतकरी फार मेहनती आहेत, असं म्हणून राह्यले," शेखर म्हणाला.

आणि पाणी वाढायला लागलं. आधी काठाचं गवत बुडालं. मग नावेनं वेग घेतला. मागं हिंमतराव चालायचा, तो भरभर चालायला लागला, मग पळायला.

"साहेब, पानी वाढून राह्यलं!"

"वाढंल कसं? जितकं रोज सोडतात तितकंच आजबी सोडलं आहे!"

"हाव न! पन रोज ते कागदावर राह्यते, आज कालव्यात आलं!"

एक चप्पल गेली, मग दुसरी गेली. बाभळीचा काटा भरला तसा हिंमतरावानं दोर सोडला आणि लांबून ओरडला, "तुमी व्हा पुढं!"

आम्ही झालोच पुढं! तिसरा पूल अंगावर आला. "वाका!" मी ओरडलो. व्याही-विहीण सराईत, ते माझ्याआधी वाकले. छत्री वाकली नाही. ती पुलालाच अडकून राहिली.

"अवो, चिंच गेली!" वंदना किंचाळली.

"दिसली मले!"

"मंग थांबवा न!"

"कशानं थांबवू? ब्रेक तिकडं काटा काढून राह्यला!"

जेरारनं मात्र शांतपणे छत्रीचा उरलेला बांबू उचलला, मागच्या बाजूला उभा राहिला आणि नाव मधोमध ठेवत नेऊ लागला. सकाळपासून पहिल्यांदा तो मनापासून खूश दिसत होता.

धामणखेडला कालवा म्हणजे गावाची मोकळी जागा झाली होती. त्यात शेळ्या बांधलेल्या, गोवऱ्या रचलेल्या, एका टोकाला क्रिकेटच्या यष्ट्या. पाणी पुढं आणि आम्ही मागं, असे आत शिरलो! शेळ्या दावी तोडून पळाल्या. गोवऱ्या तरंगत निघाल्या. त्यांच्यामागं सत्तरीची रुखमाबाई धावत आली.

"कोन हाय रे मुडदा! माह्या गवऱ्या…"

आणि ती मध्येच थांबली. लुगडं वर न धरता तशीच पाण्यात उतरली. ओंजळ भरून घेतली आणि बघत राहिली.

"पानी आलं व माय," ती म्हणाली. "चवदा वर्सानं आलं."

खरं सांगतो, मला तिच्याकडं पाहवलं नाही. मी उगाच पट्टी पुसत बसलो.

मग सगळं गावच लोटलं. हळदीकुंकू आलं, पाण्याची पूजा झाली, ओदिलला खुर्चीवरून उतरवून रुखमाबाईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर गहू! ओदिलला वाटलं, हे नावेच्या सहलीतच धरलेलं असतं. तिनं रुखमाबाईला मिठी मारली. सरपंच पुष्पांजलीताईंनी जेरारला 'बँकेचे साहेब' म्हणत त्याच्या हातात निवेदन दिलं. पाणी कायम यावं, असं.

"अहो, हे बँकेचे नाहीत," शेखर कळवळून म्हणाला. "हे माझे होणारे सासरे आहेत!"

"असू द्या न भाऊ," पुष्पांजलीताई म्हणाल्या. "पानी तं ह्यायच्याच पायानं आलं. आजलोक कोन्या साहेबाच्या पायानं नाई आलं."

मी टोपी काढून खिशात घातली.

भरीत-भाकर रुखमाबाईच्या अंगणात खाल्ली. तोवर कोणीतरी ग्रुपवर खरी बातमी टाकली होती, की बँक नाही, व्याही आहेत! अर्ध्या तासात लांबून एकेका मोटारीचा आवाज सुरू झाला. पाणी उतरलं. नाव तिरकी होऊन चिखलात बसली, 'अंतर ठेवा' गावाकडं करून. जेरार काठावर उभा राहून उतरणारं पाणी पाहत होता आणि वहीत लिहीत होता. रुखमाबाईही ओल्या गवऱ्या गोळा करता करता पाहत होती.

परतीच्या जीपमध्ये वंदना रिकामा डबा मांडीवर घेऊन तोंड फिरवून बसली. तिच्या अशा बसण्याचा अर्थ मला पस्तीस वर्षांत पाठ झालाय. लग्न मोबाईलवर!

संध्याकाळी चहा झाला. जेरारनं वही मिटली आणि शेखरशी बराच वेळ बोलला. वंदना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा," शेखर म्हणाला, "ते म्हणून राह्यले, लग्न इथंच करू."

वंदनानं पदर डोळ्यांना लावला. माझी छाती चार बोटं फुगली!

"पण धामणखेडले. विहीणबाईंची ओटी जिथं भरली, तिथं मांडव टाकायचा. वरात नावेनं न्यायची. त्या दिवशी पाणी शेवटपर्यंत पाह्यजे, आणि ती जबाबदारी तुमची. तुम्ही कालव्याचे माणूस!"

"सांग त्याले, काळजी करू नका म्हनावं!" मी म्हणालो. "एकेका मोटारवाल्याले मी नावानं ओळखतो!"

हे शेखरनं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. जेरारनं मान डोलावली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो फार प्रेमानं काहीतरी बोलला. शेखर जमिनीकडं पाहायला लागला.

"काय म्हनते?"

"ते म्हणून राह्यले, तुमच्यासारखा माणूस रिटायर झाल्यावरच हे सगळं बिघडलं असंल. त्या आजी म्हणाल्या, चौदा वर्षं पाणी नाई. तं ते विचारून राह्यले, तुम्हाले रिटायर होऊन चौदा वर्षं झाले काय?"

जेरार डोळ्यांत सहानुभूती घेऊन माझ्याकडं पाहत होता.

"पंधरा सांग," मी हळूच म्हणालो.

पण तोवर वंदना पुढं आली होती, आणि तिनं व्याह्यांच्या समोर दोन बोटं धरली होती.